झाकणाची पेटी आणि हिराबाईची घरं

मिरजेच्या स्टेशनावर आप्पांनी पेटी स्वतःच्या हाताने माझ्या बाकाखाली सरकवली, सुतळीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मग आठवण झाल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "तूही नीट जा." सत्तरी गाठलेल्या वडिलांकडून चाळिशीतल्या लेकीला याहून जास्त माया मिळायची नाही, हे मला ठाऊक होतं. प्रवास पेटीचा होता. मी आपली तिच्या सोबतीला चालले होते.

समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी सांगली जाईपर्यंत दम धरला आणि मग विचारलंच, "काय आहे हो यात?"

"मासळी ठेवायची पेटी."

त्यांनी ताबडतोब दोन्ही पाय बाकावर घेतले. वास्तविक त्या पेटीने तोवर मासळीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आणि लपवण्यात अर्थ नाही, आमच्या घरातल्या कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. आम्ही पिढ्यान् पिढ्या वरणभातवाले.

मग असल्या घरात मासळीची पेटी तयार होते कशी, हे सांगायला हवं. आप्पांचं छोटं वर्कशॉप होतं. इस्पितळांना लसी थंड ठेवायला लागतात त्या दुहेरी पत्र्याच्या पेट्या ते बनवायचे. आदल्या वर्षी, म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते डोंबिवलीला आत्याकडे राहिले होते. एका डोळ्यावर पट्टी, वाचायची बंदी, त्यामुळे दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. तिथून त्यांना रोज एक कोळीण, हिराबाई, दिसायची. ती भर उन्हात येई, जिने चढे, उतरे, आणि दुपारी उरलेली मासळी मऊ पडली की गटाराकाठी मांजरांपुढे ओतून जाई. आप्पांना मासळीचं काही प्रेम नव्हतं. पण रोज कुणीतरी डोक्यावरून वाहून आणलेलं अन्न असं टाकून द्यावं लागतं, हे त्यांच्या जिवाला लागलं. पट्टी निघाल्यावर त्यांनी खाली जाऊन तिची मासळीची पाटी वितीने मोजून घेतली. "पुढच्या वर्षी काहीतरी करून पाठवतो," म्हणाले. हिराबाई हसली असणार. त्यांनी मात्र वर्षभर दुसरं काही केलं नाही.

पेटी अशी होती: बाहेर पत्रा, मध्ये थर्माकोल, आत पुन्हा पत्रा, तळाशी बर्फाचं पाणी काढायला छोटी तोटी, वर पक्कं बसणारं झाकण आणि त्याला दोन कड्या. रंग पांढराशुभ्र. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. सहामाही संपून सुट्टी लागली होती, आणि आप्पांचे गुडघे जिने चढण्यातले राहिले नव्हते. म्हणून ही मोहीम माझ्याकडे आली.

कल्याणला उतरले तेव्हा उजाडत होतं. हमालाने पेटी उचलली, वजनाला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि विचारलं, "ताई, दवाखान्यात जायचं ना?" मी नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. स्टेशनाबाहेर टपरीवर चहा आणि पाव घेतला. इथला चहा आपल्याकडच्यापेक्षा पातळ, पण आलं सढळ हाताने. मग रिक्षाने पत्री पूल ओलांडून डोंबिवलीकडे. त्या वेळी रस्त्याच्या कडेला अजून भातशेतं होती. भात पिवळं पडलं होतं, आणि त्याच्या मध्येच चार मजली इमारतींचे सांगाडे उभे होते. एका सांगाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर दारं-खिडक्या बसायच्या आधीच कुणीतरी तुळस लावली होती. ही माणसं इथे राहायला किती उतावीळ आहेत, असं वाटून मला उगीच बरं वाटलं.

आत्याची इमारत तीन मजली, मध्ये चौक, चारी बाजूंनी लांब गॅलऱ्या. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाकडे पाहुणे आलेत, हे सगळं गॅलरीतून चौकात आणि चौकातून परत गॅलरीत पोचायचं. समोरच्या गॅलरीत कर्णिक काकू राहायच्या. साठीच्या, ठेंगण्या, नाकात मोत्याची नथणी आणि आवाज पाटाच्या पाण्यासारखा न थांबणारा. मासे कळावेत तर त्यांनाच, असं आत्या शाकाहारी असूनसुद्धा अभिमानाने सांगायची.

"कर्णिक काकूंनी घेतलं की मग बाकीची घरं घेतात," आत्या म्हणाली. "त्यांनी नाक मुरडलं की त्या दिवशी हिराबाईची पाटी जड."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी पेटी घेऊन ठाण्याला गेले. तलावपाळीवर पाच मिनिटं टेकले. तलावातल्या देवळाभोवती पाणी शांत होतं, काठावर एक म्हातारा कबुतरांना ज्वारी टाकत होता. तिथून खाडीकाठच्या कोळीवाड्यात शिरले की ठाणं एकदम संपतंच. गल्ल्या अरुंद, दारादारांत जाळी, ओट्यांवर वाळत घातलेले बोंबील. वास असा अंगावर आला की मी पदर नाकाला लावला. दारातल्या एका बाईने ते पाहिलं आणि हसून म्हणाली, "घे घे, श्वास घे. दोन घटकेन सवय होईल."

तीच हिराबाई निघाली. पंचावन्नच्या आसपास वय, अंगाने काटक, कपाळ रुंद, आणि डोक्यावरच्या ओझ्याने मान अशी ताठ झालेली की बसली असतानाही ओझं घेतल्यासारखी वाटे. मी कोण ते सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"म्हंजे तो पट्टीवाला बाबा खरंच करून बसला!"

तिने पेटीभोवती एक फेरी मारली. बोटाने वाजवली, झाकण उघडलं, आत डोकं घालून हुंगलं, झाकण लावलं. मी शिकवायला उभी असल्यासारखी सगळं समजावून सांगितलं. शेवटी मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे, झाकण लावलं की वास अजिबात बाहेर येत नाही."

हिराबाई झाकणावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"बाय, वास नाय गेला त वरच्या माळ्यावरचे बाईला कलंल कसा, का मी आलंय?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, पण आतून ओशाळले. वर्षभर आप्पा आणि मी त्या झाकणाच्या रबरावर घसे सुकेपर्यंत वाद घातला होता. वास ही त्या व्यापाराची हाक आहे, हे शाकाहारी घरात बसून कुणाला सुचणार?

"उद्यापासून दोन-तीन दिवस सलग घेऊन बघू या," मी म्हटलं. "बुधवार, गुरुवार, शुक्रवार."

"गुरवारी?" पुन्हा हशा. सोमवार, गुरुवार, शनिवार घरोघरी मासळी वर्ज्य. तेही आम्ही हिशेबात धरलं नव्हतं.

दुपारी तिने मला जेवायला बसवलं. मी चुळबुळले. ती न विचारताच म्हणाली, "गावदेवीचे परसादाचा टोप हाय. त्यान मासली कवा शिजत नाय. बेस खा." त्या टोपात तिने वांगी आणि वाल शिजवले होते आणि हातावर थापलेली तांदळाची पांढरी भाकरी वाढली. देवळातून टोप मागून आणायला तिला चार घरी विचारत जावं लागलं असणार. मी तिची कोण होते? इतकं भरून आलं की ते लपवायला मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवताना तिने तिची गोष्ट सांगितली. पूर्वी मासळी दारात होती. नवरा रात्री खाडीत जायचा, सकाळी बोय, निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे), चिंबोऱ्या. ती जवळच्या आळीत फिरायची. कर्णिकांचं घर त्यातलंच. मग एकेक कुटुंब मोठ्या जागेसाठी डोंबिवलीला गेलं, आणि हिराबाई त्यांच्या मागे डोंबिवलीला जायला लागली.

"घरं माजी व्हती ना," ती म्हणाली. जागा त्यांनी बदलली होती, पण घरं तिचीच होती.

पण खाडीचं पाणी बिघडलं. "पानी वास मारतो आता. जालीन येतो तो पन केरोसीनचा वास घेऊन येतो." म्हणून आता ती पहाटे मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची, लगेजच्या डब्यातून डोंबिवलीला यायची, आणि शेवटच्या इमारतीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. मासळी मऊ पडायची. चार घरं सुटली होती. उरलेली सात. मुलगा म्हणत होता, बस घरी, कोळंबी सोल लोकांची.

"दिवालीपावेतो बगतंय," हिराबाई म्हणाली. "सात घरं टिकली त ठीक. नायतर डोंबिवली बंद. माजे वीस वर्सांचे पायवाटेवर गवत उगवंल."

हे ती हसत बोलली. आम्ही मिरजेत बर्फ किती तास टिकतो ते मोजत होतो. इथे मोजायचं होतं ते निराळंच.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. पेटीत फोडलेला बर्फ, त्यावर पापलेटं, कोळंबी, सुरमई. पहिली अडचण चुंबळीवर आली. पाटीचा तळ गोल असतो, तो डोक्यावरच्या फडक्याच्या चुंबळीवर बसतो. पेटीचा तळ सपाट आणि चौकोनी, ती डुगडुगत राहिली. दुसरी अडचण अशी की तोटी मी नीट बंद केलेली नव्हती. डोंबिवलीच्या स्टेशनापासून आत्याच्या इमारतीपर्यंत बर्फाचं पाणी हिराबाईच्या मानेवरून पाठीत झिरपत राहिलं. ती तशीच चालत राहिली. चौकात पेटी उतरवल्यावर म्हणाली, "तुजे आप्पान माजे आंघोलीची पन सोय केली."

तिसरी अडचण तर आम्ही स्वप्नातही पाहिली नव्हती. पांढरी पेटी, कड्यांचं झाकण, आत बर्फ! चौकात खेळणाऱ्या पोरांनी एकच आरोळी ठोकली, "कुल्फीऽऽ!" आणि वीसेक पोरं पैसे मागायला घराघरांत धावली. त्यांच्या आया गॅलरीत आल्या. हिराबाईने झाकण उघडलं, पोरांनी आत पाहिलं आणि सगळ्यांत धाकट्याने भोकाड पसरलं. आया पोरांवर ओरडल्या आणि मग पेटीवर.

"बर्फातली आहे? नको गं बाई."

"हिराबाई, तू पण बर्फाची विकायला लागलीस?"

समोरच्या गॅलरीतून कर्णिक काकूंनी हाक मारली, "हिराबाई, तुझी पाटी कुठाय?" तिने पेटीकडे बोट दाखवलं. काकूंनी पेटीकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. त्यांचं आत जाणं सगळ्या गॅलऱ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी भवानीसुद्धा (पहिली विक्री) झाली नाही. बर्फाची मासळी म्हणजे शिळी, चार दिवसांची, बाजारात कुणीतरी दडपलेली. हे या घरांना कुणी शिकवलेलं नव्हतं, अनुभवाने पाठ झालेलं होतं, आणि त्यात त्यांचं चुकीचं काही नव्हतं. नवी वस्तू आणणाऱ्याला समोरचा अडाणी वाटतो. मलाही वाटला. आत्याच्या घरी पाणी पिताना मी बडबडले, "यांना समजवायला हवं, थंडाव्यात जंतू वाढत नाहीत." आत्या म्हणाली, "तुला कुणी फ्रिजमधलं तीन दिवसांचं पिठलं वाढलं तर हेच सांगशील का?"

पण दुपारी चार वाजता एक गोष्ट घडली. आम्ही दोघी परत ठाण्याला पोचल्यावर हिराबाईने उरलेली मासळी टाकायची म्हणून दारातल्या मांजरांना हाक मारली आणि झाकण उघडलं. मग एक पापलेट उचललं. कल्ला वर केला. लाल. डोळा दाबला. टणक. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. मांजरं पायात घोटाळत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"बाय," ती हळू आवाजात म्हणाली, "ही सकालचीच हाय."

मला वाटलं होतं ती आनंदाने ओरडेल. ती ओट्यावर बसून राहिली. पापलेट हातातच ठेवून म्हणाली, "पेटी खरी हाय. आता लोकांचे डोक्यान कशी शिरवाची?"

तो प्रश्न मी रात्रभर आणि गुरुवारभर डोक्यात घोळवला, आणि शुक्रवारी सकाळी मला उत्तर सापडलं. मी स्वतःवर फार खूश होते. पेटी इमारतीत न्यायचीच नाही. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे ठेवायची. हिराबाईने नेहमीची पाटी घ्यायची, वर हिरवं पान टाकायचं, पेटीतून चार-चार मासे काढून न्यायचे. संपले की खाली येऊन पुन्हा भरायचे. पेटी कुणाच्या नजरेलाही पडणार नाही.

हिराबाईने विचार केला. "चालंल," म्हणाली. पण तोंड काही खुललं नाही. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चाललं की! पहिली चार घरं अर्ध्या तासात झाली. कल्ले लालबुंद, डोळे टपोरे. एका तरुण सुनेने तर, "आज काय हिराबाई, समुद्रातून थेट इकडेच आलीस का?" असं विचारलं. मी मागे उभी राहून मनातल्या मनात आप्पांना पत्र लिहीत होते.

पाचवं घर कर्णिक काकूंचं. काकूंनी दारात पाट टाकला, बसल्या, पापलेट हातात घेतलं. बोटाने दाबलं. कल्ला उघडला. त्यांचा चेहरा फुलला.

"आजचंच ना गं?"

"आजचंच, वैनी."

"बर्फ नाही ना लागलेला?"

किती सहज विचारलं होतं त्यांनी. नुसती सवय होती ती. पापलेट त्यांनी ताटात ठेवूनही दिलं होतं. एक 'नाही' म्हटलं असतं की झालं असतं. मी जिन्याच्या कठड्याला घट्ट धरलं.

"लागलाय, वैनी," हिराबाई म्हणाली. "खाली पेटी हाय. बुधवारी बगितली तीच."

काकूंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी ताटातलं पापलेट उचलून हळूच परत पाटीत ठेवलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "रविवारी ये." दार बंद झालं नाही, पण त्या आत गेल्या.

जिन्यात मी हिराबाईला अडवलं. आवाज चढलाच माझा. "कशाला हो म्हणालात? ताजीच होती ना? यात खोटं काय होतं?"

ती पायरीवर बसली. डोक्यावरची पाटी बाजूला ठेवली.

"ती बाय मासली दाबते, कल्ला बगते, ता समदा वरवरचा," ती म्हणाली. "तिचे डोल्यांना आता नीट दिसत पन नाय. एकदा तिचा पोर तापान व्हता. मी म्हनलं, वैनी, आज नको घेव, माजी मासली बरी नाय. त्या दिसापासनं ती माजे तोंडाकरं बगून घेते. वीस वर्सां. आनि आज मी नाय म्हनलं असतं, त पेटी चालली असती, बाय. मी नसती चालली."

तिच्याजवळ एकच गोष्ट होती, जी तिने त्या जिन्यांवर वीस वर्षं पायरी पायरीने जमवली होती. आणि मी, मिरजेहून आलेली शहाणी मास्तरीण, ती तिला आमच्या पेटीवर उधळायला सांगत होते.

पण हिराबाईचं एवढ्यावर भागलं नाही. ती उठली, पाटी घेतली आणि त्या चार घरांकडे परत निघाली.

"कुठे?"

"त्यांना पन सांगाया हवा ना."

मी तिच्या मागे गेले. प्रत्येक दारात तिने तेच सांगितलं: बरफातली व्हती, ताजी हाय, नको असंल तर परत घेतंय. पहिल्या घराने रागाने परत दिली. दुसऱ्या घरातल्या बाईने मासळी आणून पाटीत टाकली. तिसऱ्या घराने म्हटलं, "आमच्याशी असं करायला नको होतंस." चौथ्या घरी, त्या तरुण सुनेने, डोक्याला हात लावला. "अगं, कालवण चढलंसुद्धा! राहू दे आता." तीन घरांची मासळी घेऊन आम्ही चौकात आलो. गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या. हिराबाईने मान ताठ ठेवून चुंबळ बसवली. मला मात्र ते सहन होईना. पाण्याच्या टाकीमागे, आप्पांच्या त्या पांढऱ्या पेटीजवळ उभी राहून मी रडले.

"गप," हिराबाई म्हणाली. "मासली पानी सोडंल." आणि तिने माझे डोळे तिच्या ओल्या, मासळीचा वास लागलेल्या पदराने पुसले. मी नाक धरलं नाही.

शनिवार मी आत्याकडे काढला. परतीचं तिकीट रविवार संध्याकाळचं होतं. आप्पांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. पेटी ठाण्याला हिराबाईकडेच होती. ती आणेल असं मला वाटत नव्हतं. खरं म्हणजे, तिने आणू नये असंच वाटत होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास चौकात हाक आली, "मासलीऽऽय!" मी गॅलरीत धावले. हिराबाईने डोक्यावर पेटी घेतली होती. तिने झाकणच काढून टाकलं होतं आणि पेटीवर नेहमीची पाटी बसवली होती. खाली बर्फ, वर पाटी, पाटीत मासळी. वाससुद्धा येत होता. तळाला एक जुनं टायर कापून बांधलं होतं, त्यामुळे पेटी चुंबळीवर नीट बसली होती. आणि पेटीच्या अंगाला गेरू फासला होता, पांढरेपणा नावालाही नाही. आप्पांचं वर्षभराचं काम तिने दीड दिवसात बदलून टाकलं होतं.

चौकाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी तिने पेटी उतरवली आणि मोठ्याने म्हणाली, "बरफातली हाय. सांगून ठेवतंय."

कुणी हललं नाही. मग समोरच्या गॅलरीतून कर्णिक काकूंचा आवाज आला, आणि तो नेहमीप्रमाणेच सगळ्या मजल्यांना ऐकू गेला.

"हिराबाई, शुक्रवारी त्या सुनेने मला कालवणाची वाटी धाडली होती. ते तुझ्या बर्फातलंच पापलेट ना?"

"पेटीतलंच, वैनी."

"मी दोनदा भात घेतला," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि हे बघ. तू परवा नाही म्हटली असतीस, तर मी घेतलं असतं, खाल्लं असतं आणि कधीतरी मला कळलं असतं. मग पुन्हा तुझ्याकडून घेतलं नसतं. आता आण वर. तुझ्या पेटीतलंच आण."

त्या इमारतीत शेजारी शेजाऱ्याला वाटी पाठवतो, आणि ती रिकामी परत येत नाही, एवढीच रीत. माझ्या सगळ्या विज्ञानाला जे जमलं नव्हतं ते त्या वाटीने केलं होतं. पण वाटी कामाला आली, कारण हिराबाई आधीच खरं बोलून बसली होती. हे मला तेव्हाच, तिथेच उमगलं, आणि पुन्हा डोळे भरून आले. आत्या म्हणाली, "हिचं आपलं काहीतरी चालूच असतं."

त्या सकाळी पाच घरांनी घेतली. दोघांनी नाही घेतली. त्यातलं एक घर शुक्रवारी रागावलेलं होतं. हिराबाईने त्यांच्या दारात थांबून नुसतं "येतंय" म्हटलं आणि पुढे गेली. उरलेली मासळी दुपारी तिने पेटीत ठेवली आणि झाकायला ओलं फडकं घातलं. निघताना मला म्हणाली, "आप्पाला सांग, पुढची गोल कर. झाकन नको. आनि हलकी कर, माजी मान काय लोखंडाची नाय." मग दोन पावलं पुढे जाऊन परत आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी रिक्षाने कल्याण स्टेशनाकडे निघाले. पत्री पूल ओलांडताना भातशेतांवर ऊन उतरत होतं. गाडीत बाकाखाली आता काही नव्हतं आणि पाय पसरून बसायला ऐसपैस जागा होती.

मिरजेला आप्पा स्टेशनावर आले होते. घरी पोचेपर्यंत त्यांनी फक्त पेटीचं विचारलं, गोल तळाचं, वजनाचं, टायरचं. मी सगळं सांगितलं. टायरचं ऐकून ते खूश झाले. मग मी शुक्रवारचं सांगितलं. पेटी जिन्याखाली लपवायची कल्पना माझी होती, हेही सांगितलं. ते ओरडतील असं वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मीसुद्धा तेच सुचवलं असतं गं," ते म्हणाले.

हिराबाईच्या डोंबिवलीत गवत उगवलं नाही, ती घरं तिची राहिली. पण ती राखली तिने. आम्ही तर, आमची वस्तू चालावी म्हणून, तिचा शब्दच घालवायला निघालो होतो. नवं काही घेऊन कुणाच्या दारात जाताना, त्या दारात आपल्याआधी कुणाचा शब्द उभा आहे ते बघायचं असतं, हे मला पुस्तकांत कधी सापडलं नव्हतं.